‘अनाया’ ठेवायची की बदलायची?

पत्राचा गोषवारा : सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या बाई बँकेत नोकरीला आहेत, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. मुलगी अडीच महिन्यांची. पंचांगातून हस्त नक्षत्राचा तिसरा चरण निघाला, म्हणजे अक्षर ‘ण’. त्यावरून नाव सुचेना, तेव्हा गुरुजी म्हणाले, “रास कन्या आहे, प घ्या.” सासूबाईंनी आपल्या आईचं नाव पुढे केलं : पद्मावती. नवराबायकोला ते फार जुनं वाटलं. दोघांनी मोबाइलवर शोधून ‘अनाया’ निवडलं. साइटवर अर्थ दिला होता, ‘जिच्यासारखी दुसरी नाही अशी’, आणि भाषा संस्कृत. बारसं थाटात झालं. आठवड्याभराने चुलत सासरे आले, ते संस्कृतचे निवृत्त शिक्षक. नाव ऐकून म्हणाले, “अनय म्हणजे अनीती. पोरीला हे कुणी ठेवलं?” त्याच सुमारास बँकेतली मैत्रीण बाळाला बघायला आली आणि म्हणाली, “हे मुसलमानांतलं नाव ना?” तेव्हापासून घरात धुसफूस आहे. सासूबाई म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही, बदला. नवरा म्हणतो, आता बदललं तर लोक हसतील. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगणारी नणंद रुसून बसली आहे. जन्मदाखल्यावर नावाची जागा अजून कोरी आहे. बाई विचारतात : नाव ठेवावं की बदलावं? चुकीच्या अर्थाचा मुलीवर परिणाम होतो का? बदललं तर पुन्हा बारसं करावं लागतं का?

(मुलीचं नाव त्यांच्या परवानगीनेच छापलं आहे. त्याच्याशिवाय या उत्तराला काही अर्थ उरला नसता.)

---

पत्र वाचून आधी एक गोष्ट सांगते : तुमच्या हातात भरपूर वेळ आहे. दाखल्यावर नाव नाही याची तुम्ही धास्ती घेतलेली दिसते. घेऊ नका. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, ती तुमच्या दवाखान्याने केलेली आहे. नाव नंतर घालता येतं. नोंदणीपासून वर्षभरात घातलं तर त्याला विलंब शुल्क नाही, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. तेव्हा तुमचे चुलत सासरे, म्हणजे काका, पुन्हा यायच्या आत निकाल लावलाच पाहिजे असं काही नाही.

आता काकांकडे वळू, कारण घाव त्यांनी घातला आहे. ते चूक बोलले का? नाही. संस्कृतात ‘नय’ म्हणजे नीती, वागण्याची योग्य रीत. ‘अनय’ म्हणजे त्याच्या उलट. कोशात तसंच आहे. आपल्या गवळणींमध्ये तर राधेच्या नवऱ्याचंच नाव अनया आहे, म्हणजे हा शब्द मराठी कानाला अगदी परका नाही. पण काकांनी जो शब्द सांगितला तो ‘अनय’. तुम्ही ठेवलेलं नाव ‘अनाया’. मधला आकार त्यांनी सोयीने गिळला. संस्कृतच्या मास्तरांनी ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करावा हे जरा नवलच. तोच आकार धरून फोड केली तर ‘अन् + आय’, म्हणजे जिला आय नाही, उत्पन्न नाही ती! बँकेत नोकरी करणाऱ्या आईच्या मुलीला हे नाव किती शोभतं ते तुम्हीच ठरवा. सांगायचा मुद्दा एवढाच की फोड करायला बसलं की हवा तो अर्थ काढता येतो, आणि नको तोही.

साइटवाल्यांनी मात्र तुम्हाला सरळसरळ फसवलं. ‘जिच्यासारखी दुसरी नाही’ हा अर्थ ज्या संस्कृत शब्दाचा आहे तो ‘अनन्य’. गीतेच्या नवव्या अध्यायात ‘अनन्याश्चिन्तयन्तो मां’ म्हटलंय, तोच. कुणीतरी तो अर्थ उचलून ‘अनाया’पुढे चिकटवला असावा आणि मग एका साइटवरून दुसरीने, दुसरीवरून तिसरीने तो जसाच्या तसा उतरवला असावा. पाच ठिकाणी तोच अर्थ दिसला म्हणून तुम्ही खात्री धरलीत, असं तुम्ही लिहिता. त्या पाच ठिकाणांनी एकमेकांचीच वही बघून लिहिलेली असते.

मैत्रिणीचंही चूक नाही. अरबीत ‘इनाया’ असा शब्द आहे, अर्थ काळजी, जपणूक. तिकडून उर्दूत आला आणि मुलींचं नाव झाला. ‘अनाया’ची आजची लाट बरीचशी त्याच्याच अंगाने आलेली दिसते. एवढ्यावर थांबत नाही. बायबलच्या जुन्या करारात, नहेम्याच्या पुस्तकात, एज्राच्या उजव्या हाताला उभ्या असलेल्या लोकांत एक अनाया आहे. तो पुरुष, आणि हिब्रूत त्या नावाचा अर्थ ‘देवाने उत्तर दिलं’. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांच्या भाषेत तर ‘अनाया’ म्हणजे चक्क भाऊ.

म्हणजे काका, मैत्रीण आणि साइट यांच्यापैकी ‘खरा अर्थ’ कुणाकडे आहे हा प्रश्नच जरा वाकडा आहे. तुम्ही पत्रात ‘आम्ही चुकीच्या अर्थाचं नाव ठेवलं’ असं दोनदा लिहिलंय. त्यात असं धरलंय की नावाला एकच अर्थ असतो, तो कुठेतरी लिहून ठेवलेला असतो, आणि तो न बघता नाव ठेवणं म्हणजे चूक. जगभरात माणसांनी मुलांना नावं कशी ठेवली ते बघितलं तर यातलं काहीच टिकत नाही.

घानातले अकान लोक घ्या. तिथे मूल ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान शुक्रवारचे, आणि घानाला स्वातंत्र्य मिळवून देणारे क्वामे एन्क्रुमा शनिवारचे. बालीत वायान म्हणजे पहिलं मूल, मादे दुसरं, न्योमान तिसरं, क्तुत चौथं. पाचवं झालं की पुन्हा वायानपासून सुरुवात. या नावांत तेज नाही, विजय नाही, लक्ष्मी नाही. तरी ती माणसं बिनअर्थाची राहिलेली नाहीत.

किंवा गोव्यातलं नाव घ्या, ते तर आपल्या शेजारचं. हिब्रूतल्या योहानानचा अर्थ ‘देवाने कृपा केली’. त्याचा अरबीत याह्या झाला, इंग्रजीत जॉन, स्पॅनिशमध्ये हुआन, रशियनमध्ये इव्हान, आणि पोर्तुगिजांबरोबर येऊन कोकणीत जुआंव. 24 जूनला सांजांवच्या दिवशी डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून गोव्यातली पोरं विहिरीत उड्या मारतात, तो याच नावाच्या संताचा दिवस. उडी मारताना त्यांच्यातल्या कुणाला हिब्रू आठवत असेल असं मला वाटत नाही.

उलट उदाहरणही आहे, ते तुम्हाला जास्त जवळचं वाटेल. ‘कियारा’ हल्ली आपल्याकडेही ठेवतात. इटालियनमध्ये त्याच उच्चाराचं नाव आहे, लॅटिन ‘क्लारा’वरून आलेलं : स्वच्छ, उजळ. असिसीच्या संत क्लारेचं तिच्या भाषेतलं नाव तेच. आयर्लंडमध्ये ‘कीरा’ असं नाव आहे, रोमन लिपीत ते लिहिलं की बाहेरचा माणूस त्यालाही कियारासारखंच वाचतो. त्याचं मूळ ‘कीर’, म्हणजे काळा, सावळा. एकाच हाकेत एका गावी उजळ, दुसऱ्या गावी काळी. आता तुमच्या काकांसारखे कुणी तिथे गेले तर काय काय म्हणतील!

मग अर्थाला काहीच किंमत नाही का? आहे. इथे मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूने थोडी बोलणार आहे, कारण ‘नावात काय आहे’ म्हणून झटकून टाकणारे लोकही मला पटत नाहीत. सातारा जिल्ह्यात 2011 साली 285 मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली. त्यांतल्या बहुतेकींचं नाव होतं नकुशी किंवा नकुसा. मुलगा हवा असताना झालेली, नको असलेली. तुर्कस्तानात ‘येतेर’ असं मुलींचं नाव आहे, अर्थ ‘पुरे’. मुलींवर मुली झाल्या की ठेवायचे. दोन गावं, दोन भाषा, तीच गोष्ट. या पोरींना कोश उघडायची गरज नव्हती. शाळेत हजेरी घेताना, पाणवठ्यावर, लग्न ठरताना, प्रत्येक वेळी हाक मारणाऱ्यालाही कळत होतं आणि ऐकणारीलाही. असा अर्थ रोज टोचतो, आणि असं नाव बदलायलाच हवं.

पण त्याच्याही शेजारी दुसरं काहीतरी ठेवून बघा. आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याला दगडू, धोंडू अशी नावं ठेवत. दृष्ट लागू नये, मृत्यूने त्याच्याकडे ढुंकून बघू नये म्हणून. मंगोलियात ‘नेरग्युइ’ म्हणजे बिननावाचा, आणि ‘एनेबिश’ म्हणजे ‘हा नव्हे’, अशी नावं त्याच हेतूने ठेवतात. वाईट शक्तीला चकवायला. शब्दाचा अर्थ टाकाऊ, पण ठेवणाऱ्याच्या पोटात जीव तुटत होता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचून भारतरत्न झालेले महर्षी कर्वे हे धोंडो. पुण्यातला सगळ्यांत गर्दीचा गणपती दगडूशेठांच्या नावाने ओळखला जातो. तिथे हात जोडताना कुणाच्या मनात दगड येतो?

काकांना आवडेल असंही एक देते. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाची कथा आहे. त्याच्या दोन भावांची नावं शुनःपुच्छ आणि शुनोलांगूल. तिन्हींचा अर्थ कुत्र्याचं शेपूट. आणि हा शुनःशेप पुढे ऋग्वेदातल्या सूक्तांचा द्रष्टा म्हणून गणला गेला. सीता म्हणजे नांगराने पडलेली तास. कर्ण म्हणजे कान. पुढच्या भेटीत हा विषय निघाला तर चहाबरोबर हळूच पुढे करा. विद्वान माणूस आहे, त्यांना गंमत वाटेल, आणि घरात एकदा हसू फुटलं की निम्मं काम होतं.

तेव्हा माझी कसोटी ही : मुलगी ज्यांच्यात वाढणार आहे त्यांना हाक ऐकताना काय ऐकू येतं? तुमच्या गावात ‘अनाया’ हाक मारल्यावर अनीती कुणाला ऐकू येणार आहे? काकांना. बाकी सगळ्यांना एक गोड, सध्या चालणारं नाव. ज्यांना उर्दूची ओळख आहे त्यांना ‘काळजी’ ऐकू येईल, आणि ती काही वाईट गोष्ट नव्हे. नावाच्या कोशातल्या अर्थाने मुलीच्या स्वभावावर किंवा नशिबावर परिणाम होतो का, असं तुम्ही विचारलंत. त्याचं उत्तर नाही. शांताबाई भांडखोर असतात आणि लक्ष्मीबाईंच्या घरी चणचण असते, हे तुम्ही पण बघितलं असेल.

मुसलमानी नावाबद्दल थोडं स्पष्ट बोलते. मैत्रिणीने ते सहज विचारलं असेल, पण तुमच्या पत्रात ती ओळ अशी आली आहे की जणू तो दोष सापडला. शिवाजी महाराजांचे वडील शहाजी आणि चुलते शरीफजी. नगरच्या शाह शरीफ पिराला मालोजीराजांनी नवस केला आणि मुलं झाल्यावर त्याच्या नावावरून ही नावं ठेवली, असं परंपरा सांगते. आळंदीहून माउलींच्या पालखीला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी. हैबत हा अरबी शब्द आहे, धाक या अर्थाचा. दौलतराव, गुलाबराव, सर्जेराव यांची मुळं अरबी-फारसीतच जातात. फडणवीस, चिटणीस ही आडनावंही फारसीच्या वळणाची. यातलं एकही नाव आपण परकं मानत नाही. आणि व्यवहार उलटाही झाला आहे. इंडोनेशिया, जगात सगळ्यांत जास्त मुसलमान असलेल्या देशांपैकी एक. त्याच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचं नाव सुकार्नो, महाभारतातल्या कर्णावरून. त्यांची मुलगी, तीही पुढे राष्ट्राध्यक्ष झाली, मेगावती : आपली मेघवती. तिथे कुणी धर्म सोडला नाही, नाव तेवढं आवडलं.

सुकार्नोंची गोष्ट तुमच्या दुसऱ्या काळजीला पण उपयोगी आहे. त्यांचं आधीचं नाव कुस्नो. लहानपणी सारखे आजारी पडायचे म्हणून वडिलांनी नाव बदललं. लता मंगेशकर जन्मल्या तेव्हा हेमा होत्या; वडिलांच्या नाटकातल्या लतिका या पात्रावरून लता झाल्या. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, घरी बाळ म्हणत, आणि कागदावर राहिलं ते बाळच. अडीच महिन्यांच्या मुलीचं नाव बदललं तर लोक हसतील, ही तुमच्या यजमानांची भीती मला पोकळ वाटते. लोक एक आठवडा चुकून जुन्या नावाने हाक मारतील, मग विसरतील. ‘लोक हसतील’ म्हणून नाव ठेवू नका, आणि ‘लोक बोलतात’ म्हणून बदलूही नका. दोन्हीत लोकच मधे येतात.

आता जे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, तिथे मला थांबायचं आहे. ‘सासूबाईंनी त्यांच्या आईचं नाव सुचवलं होतं, पण आम्हाला जुनं वाटलं.’ पुढची दोन पानं अनीती, अरबी, साइट, पंचांग यांवर आहेत. मला वाटतं, घरातली धुसफूस त्या एका ओळीतली आहे. काका येईपर्यंत सासूबाई गप्प होत्या. बारशाला त्यांनीच पाळणा सजवला, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याखालून वरून फिरवलं, असं तुम्हीच लिहिलंय. काकांनी त्यांना एक बाहेरचं कारण मिळवून दिलं, मनातलं बोलायला. पद्मावती नाव हवं होतं असं सुनेला परत सांगणं अवघड. अनीती वाईट असं सांगणं सोपं. मी चूक असेन. पण एकदा विचारून बघा : “आई, तुमच्या आईंना घरात काय म्हणायचे?” नुसतं एवढंच. नावाचा विषयही काढू नका.

पत्रिका मधे येणार असेल तर तिचा तिढा तर फारच किरकोळ आहे. सत्तावीस नक्षत्रांचे चार चार चरण, म्हणजे 108 अक्षरं. त्यांत हस्ताला ‘ण’ आहे, आर्द्रेला ‘ङ’ आणि उत्तराभाद्रपदाला ‘ञ’. या अक्षरांनी सुरू होणारं नाव मराठीत शोधून दाखवा! म्हणजे ज्यांनी ही पद्धत लावली त्यांनाही ते अक्षर व्यवहाराच्या नावात आलंच पाहिजे असं अभिप्रेत नसावं. म्हणूनच जन्मनाव वेगळं आणि हाकेचं वेगळं ही सोय आपल्याकडे पूर्वीपासून आहे. गुरुजींनी प सांगितला आहे. पद्मावती हे जन्मनाव म्हणून पत्रिकेत लिहा. संकल्पात, पूजेत तेच घ्या. आजी तिला ‘पद्मा’ म्हणून हाक मारू देत. मुलांना दोन नावं सहज पेलतात. घरचं एक आणि शाळेचं एक असलेली किती माणसं तुमच्या ओळखीत आहेत ते मोजा.

मग कागदावर काय? तीन वाटा दिसतात.

‘अनन्या’ ही पहिली. तुम्हाला जो अर्थ हवा होता तो नेमका इथे आहे, काका खूश, आणि हाकेत फरक जेमतेम. अडचण एकच, की हे नाव फार चालतं. वर्गात आणखी एखादी अनन्या भेटेल याची तयारी ठेवा. दुसरी वाट, ‘इनाया’. अर्थ स्पष्ट, मूळ पक्कं. पण हे नाव घ्यायचं तर आनंदाने घ्या. कुणी विचारलं की चाचरत ‘नाही हो, आमचं संस्कृतच’ म्हणणार असाल तर घेऊ नका. मुलगी मोठी झाल्यावर तिला तुमचं ते चाचरणं आधी कळेल.

तिसरी, ‘अनाया’ तसंच ठेवणं. माझं मत विचाराल तर माझा कल इकडे आहे. तुम्हाला दोघांना ते आवडलं होतं, आत्याने कानात सांगितलं आहे, घरात तिला त्या नावाने हाक मारायला सुरुवात झाली आहे. फक्त साइटवरचा तो खोटा अर्थ सोडून द्या. कुणी विचारलं तर सांगा, नाद आवडला म्हणून ठेवलं. इंग्रजीत ‘जेसिका’ हे नाव शेक्सपिअरच्या नाटकात पहिल्यांदा दिसतं, ‘व्हॅनेसा’ जोनाथन स्विफ्टने एका मैत्रिणीच्या नावाची अक्षरं जुळवून बनवलं. आज कितीतरी बायका ती नावं मिरवतात. कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा ठेवल्याशिवाय कुठलंच नाव जुनं होत नाही. पद्मावतीसुद्धा.

ज्यांच्या घरी अजून पाळणा हलायचा आहे अशा वाचकांसाठीही थोडं. नाव संस्कृत म्हणून सांगितलं असेल तर वामन शिवराम आपट्यांचा कोश किंवा मोनिअर-विल्यम्सचा कोश उघडून बघा, दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. मोल्सवर्थचा मराठी कोशही आहे. शब्द तिथे नसेल तर ‘कोशात नाही’ एवढं कळलं, त्यात बिघडत नाही. निदान फसवणूक टळते. अरबी-उर्दू वाटणाऱ्या नावासाठी उर्दू येणाऱ्या कुणालातरी विचारा. मात्र हे सगळं बारशाच्या आधी, आणि ज्याच्या मताची तुम्हाला नंतर भीती वाटणार आहे अशा माणसाला आधीच विचारून टाका. तुमच्याकडे काकांना एक फोन आधी गेला असता तर ते ‘अनय’ सांगून, पाठोपाठ दहा नावं सुचवून मोकळे झाले असते. त्या नावाने गॅलरीतून खाली मोठ्याने हाक मारून बघा. आडनावासकट म्हणा. चिडवायला त्यातून काय निघेल याचा अंदाज घरातल्या दहा-बारा वर्षांच्या पोराला विचारा, तो मिनिटात सांगेल.

परदेशात राहणाऱ्यांनी तिथला नियम बघावा. जर्मनीत भारतीय मुळाच्या एका जोडप्याला मुलीचं नाव ‘किरण’ ठेवायचं होतं. नावावरून मुलगा की मुलगी कळत नाही म्हणून नोंदणी कार्यालयाने नकार दिला. ते प्रकरण घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं आणि 2008 मध्ये निकाल आईवडिलांच्या बाजूने लागला. आइसलंडमध्ये तर नावं मान्य करायला सरकारी समितीच आहे. आपल्याकडे तेवढी कटकट नाही. आपल्याकडे ते काम नातेवाईक करतात.

तुमचे कागद. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळा, पासपोर्ट, लायसन्स सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. तेव्हा त्यावर जे अक्षर पडेल तेच जन्मभर. एकदा नाव नोंदलं की बदलायला राजपत्रापर्यंत जावं लागतं, म्हणून घाई करू नका. पण वर्ष उलटूही देऊ नका. देवनागरीत ‘अनाया’ लिहिताना आकार नीट दिसतोय ना बघा, नाहीतर ‘अनया’ छापून येईल आणि काका जिंकतील. रोमन लिपीत मधे एक ‘ए’ की दोन, हे आत्ताच ठरवा आणि आधार काढताना तेच ठेवा. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. त्यामुळे लेकीच्या नावाला लागून पहिलं नाव तुमचं येणार. तुमचं नाव आधार, पॅन आणि बँकेत एकसारखं आहे का, लग्नाआधीच्या-नंतरच्या नावाचा घोळ आहे का, तेही याच निमित्ताने बघून घ्या. मुलींच्या दाखल्यावर आईचं नाव एक आणि आधारवर भलतंच, अशी पत्रं माझ्याकडे बरीच येतात.

राहिलं पुन्हा बारशाचं. ‘अनाया’ ठेवणार असाल तर प्रश्नच नाही. बदलणार असाल तरी पाळणा, घुगऱ्या, ओटी यांचा घाट पुन्हा घालायची गरज नाही. देवापुढे दिवा लावा आणि बाळाला नणंदेच्या मांडीवर द्या. तिचा राग नाव बदलण्याचा कमी आणि तिला न विचारता चर्चा चालली आहे याचा जास्त असणार. ‘कुर्र’ करायचा मान तिचा आहे, तिला आधी फोन करा. आणि पत्रिकेतलं पद्मावती हे नाव सासूबाईंनाच सांगू द्या, बाळाच्या दुसऱ्या कानात.